माणूस : निरंक

१

धामणगाव बढ्याच्या शिवेवर हिंमतरावांची जिनिंग होती आणि त्या जिनिंगमध्ये शेषराव दिवाणजी होते. कापूस आला, सरकी गेली, रुई गेली, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. इंजन सुरू झालं की अख्खी इमारत थरथरायची, आणि दोन माणसांना बोलायचं तर एकमेकांच्या कानाला तोंड लावावं लागायचं. इतकी वर्षं त्या घरघरीत बसून शेषरावांना ती ऐकूच येईनाशी झाली होती. त्यांना तसंही कशाचं फारसं वाटत नसे. दोन्ही मुलगे एकाच पावसाळ्यात पटकीनं गेले, तेव्हा हा बाप जे काय रडायचं ते एकदाचं रडला आणि सुतक संपताच कामावर आला. लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस! धीर कसला डोंबलाचा? आत काही हलतच नव्हतं.

उरली होती ती धाकटी, कोकिळा. लहानपणी तापात तिचा उजवा पाय वाळला. लग्नाचं कोणी विचारायला आलं नाही, आणि घरात बसून बसून पोरगी किरकिरी झाली. मग शेषरावांनीच तिला जिनिंगमध्ये आणलं. वरच्या मजल्यावर बाया कापूस निवडायच्या, सगळं बसून करायचं काम होतं. अडचण फक्त वर जायची होती. जिना लाकडी, उभ्या चढणीचा. धडधाकट बायांनाही धाप लागायची. कोकिळा पहिल्याच दिवशी चौथ्या पायरीवर रडत बसली.

तेव्हा तिला पिंजऱ्यात बसवलं. पिंजरा म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा, फळ्यांच्या तळाचा, कापसाची गाठोडी वर न्यायचा. दोन उंच खांबांच्या मधून तो वर जायचा आणि खाली पुंजाजी नावाचा गडी चरखी फिरवून त्याला चढवायचा-उतरवायचा. पिंजऱ्याशेजारी पाटी ठोकलेली होती: ‘यात माणसाने बसू नये.’ कुठल्याशा गावी अशाच पिंजऱ्याचा दोर तुटून बाई दगावली होती, तेव्हापासून नागपूरचे साहेब लोक फार कडक झाले होते. वर्षातून दोनदा तपासणी व्हायची. शिवाय मालकानं रोजची नोंद ठेवायची: दोर पाहिला का, वंगण घातलं का, माल किती गेला. शेवटचा रकाना होता ‘माणूस’. नोंदीत खोट निघाली तर पिंजऱ्याला सील लागणार, आणि ऐन हंगामात पिंजरा बंद म्हणजे जिनिंग बंद.

म्हणून रोज सकाळी कोकिळा पिंजऱ्यात बसायची, पुंजाजी चरखी फिरवायचा आणि समोरच्या मेजावर शेषराव शेवटच्या रकान्यात लिहायचे, ‘निरंक’. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. सरकारला काय लागतं ते लिहायचं आणि आपल्याला काय लागतं ते करायचं, अशीच सगळीकडची रीत होती.

२

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस पुंजाजी मेजाजवळ येऊन घुटमळला.

“दिवानजी, एक इचारू काय? राग नका मानू.”

“बोल ना बे.”

“पोरगी बसते तवा चरखीले काईच लागत नाई.”

“म्हंजे?”

“म्हंजे रिकामा जाते तसा जाते पिंजरा. पयले हाताले समजे, आता पोरगी बसली म्हनून. आता दोन बोटानं फिरते.”

“वंगन जास्त झालं असन.”

“मंग गाठोडं ठेवलं की जड काऊन लागते? पोरीलेच काऊन नाई लागत?”

शेषरावांनी त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चरखीचा दांडा स्वतःच हातात घेतला. कोकिळा आत बसली होती, वेणी पुढे घेऊन तिचं टोक चावत. “बा, तुमी काऊन?” म्हणून हसली. त्यांनी दांडा फिरवला. पिंजरा सरसर वर गेला. मग तो खाली आणला आणि कापसाचं एक लहानसं गाठोडं टाकून पुन्हा फिरवला. दंडाला ओढ लागली.

शेषरावांनी विचार केला. पोरगी काडीसारखी झाली आहे, पिंजराच एवढा जड, त्यात तिचं वजन ते काय कळणार? पटण्यासारखं होतं. फक्त गेल्या उन्हाळ्यात मलकापूरच्या दवाखान्यात तिला पाठीवर घेऊन ते गेले होते आणि चार दिवस त्यांची कंबर धरली होती, ते आठवलं. ते मेजाशी जाऊन बसले. रकाना भरायचा राहिला होता तो भरला.

३

वरच्या मजल्यावर शेषराव सहसा जात नसत. हवेत रुई उडायची, छाती भरून यायची. बाया तोंडाला पदर बांधून रांगेनं बसलेल्या असायच्या. त्यांच्यावर शालूबाई मुकादमीण होती, तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. कोकिळेला पहिल्या दिवशी कापूस निवडायला तिनंच शिकवलं होतं.

त्या दिवशी शेषराव काही कामानं वर गेले तर शालूबाईनं त्यांना कडेला घेतलं.

“दिवानजी, पोरगी बरी नाई काय? लय दिवस झाले, दिसली नाई.”

शेषराव हसले. खिडकीखाली आपल्या नेहमीच्या जागी कोकिळा बसलेली त्यांना दिसत होती. मांडीवर कापूस, आखडलेला पाय एका अंगाला. “ते काय बसली,” ते म्हणाले.

शालूबाईनं तिकडे पाहिलं. चांगलं डोळे बारीक करून पाहिलं. मग साहेबाचं बोलणं कळलं नाही की माणूस जसं हसतं तसं ती हसली. “हाव, हाव. माह्या ध्यानातच नाई राह्यलं,” म्हणाली आणि लगबगीनं दुसरीकडे वळली.

तेवढ्यात एका बाईनं कवळाभर कापूस आणला आणि खिडकीखाली भसकन टाकला. तो कोकिळेच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर पडला. बाईनं त्याच्यावर हात झटकले आणि निघून गेली. शेषराव धावत गेले. कापूस बाजूला केला तर आत कोकिळा शांत बसलेली.

“हे काय व? बोलत काऊन नाई तिले?”

“जाऊ द्या बा. त्या मुद्दाम नाई करत.” तिनं केसातली रुई वेचली. “मले आता कोनीच काई म्हनत नाई. पयले लंगडी म्हनत. आता पाय बी दुखत नाई. बरं वाटते.”

हे ऐकून बापाच्या काळजात कळ उठायला हवी होती. उठलीही, पण लांब कुठंतरी, शेजारच्या घरात कोणी खोकावं तशी. शेषराव जिना उतरले. खाली येऊन त्यांनी नोंदी पुढे ओढल्या.

४

घरी सगळं व्यवस्थित होतं, आणि त्यातच तर गोम होती. मनकर्णाबाई, म्हणजे शेषरावांची बायको, लेकीवर ओरडायची, तिच्या केसांना तेल चोपडायची, ती बाजेवर बसली की बाज करकरायची. शेषराव मुद्दाम कान देऊन ऐकायचे. करकरते आहे ना? मग झालं तर! पुंजाजीला दारू लागली असेल, शालूबाईला म्हातारपण लागलं असेल.

“उद्यापासून पोरगी घरीच राहू दे,” एकदा ते म्हणाले.

“काऊन?” मनकर्णाबाई उसळली. “तिथी जाते म्हनून तर हसते थोडीशी. घरी बसून पाह्यलं ना तिचं काय झालं ते! मी नाई ठेवत.”

कोकिळाही ऐकेना. मग दुसऱ्या दिवशी शेषरावांनी एक गोष्ट केली. का केली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोकिळा पिंजऱ्यात बसली, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी नेहमीचा शब्द न लिहिता लिहिलं: ‘माणूस : एक. कोकिळा.’ शाई वाळेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले.

पुंजाजीनं चरखीला हात घातला आणि ओरडला, “दिवानजी! लागली ना बाप्पा! लागली जड!” दांडा दोन्ही हातांनी धरून तो वाकला होता आणि दात काढून हसत होता. दुपारी वरून शालूबाईचा आवाज आला, “कोकिळे, पानी प्यायचं काय व?” शेषरावांनी लेखणी खाली ठेवली. कित्येक वर्षांनी त्यांना इंजनाची घरघर ऐकू आली. डोळे भरून आले, आणि ते असे अचानक भरले की त्यांनी घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं पुसले. भूक लागली होती, फार भूक लागली होती.

संध्याकाळी हिंमतराव आले. ते वाईट माणूस नव्हते. जमीनदार होते, जिनिंग कर्ज काढून उभारली होती, त्यामुळे हंगाम सुरू झाला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. त्यांनी नोंद पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“शेषराव, अहो शेषराव! चार दिवसांवर तपासनी आली. हे काय लिहून ठेवलं तुमी? आपल्या हातानं सील लावून घेता काय?”

“मालक, पोरगी बसते ना पन.”

“बसते ते बसू द्या. मी कदी नाई म्हटलं काय? पन लिहाचं कायले?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “शंभर घरं हायेत याच्यावर, दिवानजी. पान बदला.”

मालक समोर बसून राहिले. शेषरावांनी जुनं पान काढलं, नवं लावलं आणि सगळ्या नोंदी पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवल्या. शेवटच्या रकान्यापाशी हात थांबला. पण फार नाही. हाताला त्या शब्दाची सवय होती. ‘निरंक.’

जुनं पान हिंमतरावांनी काडी ओढून जाळलं. इंजन बंद झालं होतं की नुसतंच ऐकू येईनासं झालं होतं, हे शेषरावांच्या लक्षात आलं नाही.

५

तपासणीच्या दिवशी त्यांनी कोकिळेला बजावलं, “आज येऊ नको. साहेब येनार हाये.” ती बाजेवर बसून राहिली, हो म्हणाली. ते निघाले तेव्हा बाज करकरली. तेवढं त्यांनी ऐकून घेतलं.

साहेब मलकापुराहून मोटारीनं आले. तरणेच होते, नीटस, कामात चोख. त्यांनी दोर पाहिला, चरखी पाहिली, नोंदी पाहिल्या. “उत्तम ठेवल्या आहेत,” म्हणाले. हिंमतरावांचा चेहरा खुलला.

मग पकडी तपासायच्या होत्या. पिंजऱ्याच्या दोन्ही अंगांना दात्यांच्या लोखंडी पकडी होत्या. दोर तुटला तर त्या खांबाला चावा घेऊन पिंजऱ्याला जागच्या जागी थांबवायच्या. त्या चालतात की नाही, हे पाहायची साहेबांची एक पद्धत होती. पिंजरा वर न्यायचा, खरा दोर ढिला सोडायचा, पिंजरा सुताच्या जाड दोरीवर टांगायचा आणि ती दोरी कापायची.

“पिंजरा रिकामाच हवा,” साहेब म्हणाले. “एकानं वर जाऊन आत पाहायचं आणि मला ओरडून सांगायचं. ज्यानं पाहिलं त्यानंच दोरी कापायची. म्हणजे मागाहून वाद नको. तुमचा जबाबदार माणूस कोण?”

हिंमतरावांनी शेषरावांकडे बोट केलं.

इंजन त्या दिवशी बंद ठेवलं होतं. बायांना अंगणात बसवलं होतं. पुंजाजीनं पिंजरा सकाळीच वर नेऊन ठेवला होता. दोन बोटानं गेला, म्हणाला. विळा हातात घेऊन शेषराव जिना चढले. वरचा मजला एवढा निवांत त्यांनी कधी पाहिला नव्हता. निवडलेल्या कापसाचे ढीग, खिडकीतून ऊन, उन्हात तरंगणारी रुई. सुताची दोरी तुळईला बांधलेली होती आणि तिच्याखाली पिंजरा लोंबत होता.

त्यांनी पट्ट्यांमधून आत पाहिलं.

फळ्या होत्या. कोपऱ्यात थोडी रुई होती. बाकी काही नव्हतं. शेषरावांच्या जिवात जीव आला. मग त्यांना वास आला. गरम भाकरीचा आणि लसणाच्या चटणीचा. अंगणात बाया जेवत असतील, त्यांनी मनाशी म्हटलं. वारा इकडचाच असेल. पण खिडकीतली रुई जागच्या जागी तरंगत होती. आणि दोरी रिकाम्या पिंजऱ्यानं ताणावी त्याहून जास्त ताणलेली होती. तिचा एक एक पदर कुरकुरत होता, जशी बाज करकरते तशी.

“बा.”

अगदी जवळून. घाबरलेली हाक नव्हती. आपण आलो आहोत एवढंच सांगणारी होती.

शेषराव हलले नाहीत. ती घरी आहे, ते मनात म्हणाले. मी सांगून आलो, ती हो म्हणाली. समजा मी ओरडलो की आत पोरगी आहे, तर साहेब विचारतील, कुठं आहे? आणि मी रिकाम्या फळ्या दाखवू? पोरं गेली तेव्हा नाही, पण आता दिवाणजीचं डोकं फिरलं म्हणतील. हिंमतराव बुडतील. शंभर घरं. हे सगळं खरं होतं, एकेक गोष्ट पटण्यासारखी होती. आणि त्या सगळ्याच्या खाली त्यांना पक्कं ठाऊक होतं की एक शब्द बोलायचा आहे, फक्त तिचं नाव घ्यायचं आहे, बाकी काही नाही. नाव ओठांपर्यंत आलंही.

“दिवाणजी!” खालून साहेबांचा आवाज आला. “काय आहे आत?”

“निरंक,” शेषराव म्हणाले.

शब्द शोधायला ते गेले नव्हते. तो आपला आपण आला.

“कापा मग.”

विळा धारदार होता. दोरी एका ओढीत तुटली. पिंजरा हातभर खाली गेला, पकडींनी खाडकन खांब धरले आणि इमारत हादरली. तेवढ्या हातभरात शेषरावांना पट्ट्यांच्या फटीतून एक हात दिसला. गाठ मारलेलं फडकं घट्ट धरलेला, ते सांडू नये म्हणून वर उचललेला. मग पट्ट्या, फळ्या, रुई.

पिंजरा खाली उतरवून साहेबांनी दार स्वतः उघडलं. आत काही नव्हतं. मग वर जाऊन त्यांनी खांबावर उमटलेल्या खुणांवरून बोट फिरवलं. “रिकाम्या पिंजऱ्याला पकडी इतक्या खोल बसत नाहीत,” ते म्हणाले. मग खांदे उडवले. “असो. चांगल्याच आहेत म्हणायच्या.” त्यांनी दाखल्यावर सही केली आणि शेषरावांनी तिच्याखाली आपली केली.

पुंजाजी चरखीजवळ उभा राहून डोळे पुसत होता.

“काय झालं बे?”

“काई नाई,” तो म्हणाला. “उगीच. रुई गेली असन डोयात.”

६

घरी जाताना शेषरावांना फार हलकं वाटत होतं. दाखला मिळाला होता, हंगाम सुखरूप होता, हिंमतरावांनी चारचौघांत त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, जेवण घरीच विसरले होते. रस्त्यात कोणी काही बोललं तरी ते नुसती मान हलवत चालले.

मनकर्णाबाई दारातच उभी होती. त्यांच्या मागे रस्त्यावर पाहत होती.

“कोकिळा कुठी हाये?”

शेषरावांनी वहाणा काढल्या.

“अवो, तुमाले इचारून राह्यली मी. तुमी भाकर इसरून गेले म्हनून मागोमाग निंगाली ती. म्हटलं नको जाऊ, तर म्हने बा उपाशी राहीन. गरम भाकर करून घेऊन गेली फडक्यात. भेटली नाई काय?”

“कोन?”

“कोकिळा!”

शेषरावांनी खरोखर आठवून पाहिलं. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, त्या नावाकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं. नाव चांगलं होतं. त्यांच्या माहितीत त्या नावाचं कोणी नव्हतं.

“कोन कोकिळा?” ते म्हणाले.

मनकर्णाबाई आधी हसली. हा माणूस वर्षानुवर्षांत कधी थट्टा करत नाही, आज दाखला मिळाल्याच्या आनंदात करतो आहे, असं तिला वाटलं असावं. ती हसत त्यांच्याकडे पाहत राहिली आणि पाहता पाहता तिचं हसणं थांबलं. तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, सोडली. मग पदर खोचून ती अनवाणीच रस्त्यावर धावली.

शेषरावांनी हातपाय धुतले. चुलीशी तीन ताटं मांडलेली होती. एक उगीचच जास्त होतं. त्यांनी ते उचलून फळीवर ठेवून दिलं, म्हणजे मांडी घालायला ऐसपैस जागा झाली, आणि ते भाकरी कुस्करू लागले. बाहेर त्यांची बायको कोणाला तरी हाका मारत गल्लीभर फिरत होती.